डावखुऱ्याचा गडगा

श्रद्धा मॅडमनी बटण दाबलं, पडद्यावर सतरावा फोटो आला, आणि चारशे मुलं बसलेल्या शाळेच्या हॉलमध्ये संस्कृती गोताडला आपले वडील दिसले. फोटोत माणूस कोणीच नव्हता. दगड होते. तळेकोंडच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या त्या मोकळ्या कातळावर, तीन हजार वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही आधी, कोणीतरी किल्ला केला होता. गावात त्याला नुसतं ‘घेरा’ म्हणतात. घेऱ्याचा तट सगळीकडे ढासळून दगडांची रास झालाय आणि पश्चिमेला अकरा फुटांचा एवढाच तुकडा छातीइतका उभा आहे. त्याचा तो फोटो. शेजारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी. मॅडमच्या हातातल्या लेसरचा हिरवा ठिपका दगडावरून दगडावर उड्या मारत होता. “आता नीट बघा हं,” मॅडम म्हणाल्या. पुण्याहून घेऱ्याच्या उत्खननाला आलेल्या मॅडम, त्यांचं ‘हं’सुद्धा इस्त्री केलेलं. “प्रत्येक दगडाखाली एक बारीक कपची ठोकलीय, दगड डुगडुगू नये म्हणून. आणि ती दर वेळी डाव्या कोपऱ्यात आहे. आपण बहुतेक जण ती उजवीकडून ठोकू. म्हणजे हा तुकडा एकाच माणसानं बांधलाय, आणि तो माणूस बहुतेक डावखुरा होता.” हॉलभर ‘ओऽऽ’ झालं, मग टाळ्या. शेजारून सानिकानं कोपर मारलं. “बघ, तुमच्या गावात तेव्हापासून उलटी माणसं.” संस्कृती हसली. सानिका काही बोलली की हसायची सवय होती म्हणून हसली. पण तिच्या उजव्या तळव्यात, बोटांच्या मुळाशी, काहीतरी खरबरीत टोचायला लागलं होतं, आणि हात उघडून बघितला तर तिथं काही नव्हतं.

ती पाच-सहा वर्षांची असताना बाबा तिला कामावर न्यायचे. बाबा म्हणजे भागोजी गोताड, गडगे, म्हणजे दगडी कुंपणं घालणारा. कुणाच्या हापूसच्या बागेला, कुणाच्या परड्याला जांभ्याच्या दगडाचा गडगा हवा असला की त्यांना बोलावणं यायचं. माती नाही, सिमेंट नाही, दगडावर नुसता दगड, आणि गुरांनी अंग घासलं तरी हलायचा नाही. संस्कृतीचं काम कपच्या द्यायचं. घमेल्यात कपच्या घेऊन ती त्यांच्या डाव्या अंगाला उकिडवी बसायची. “बारकी दे,” बाबा म्हणायचे. मग “चपटी दे.” मग काहीच न म्हणता डावा हात नुसता मागे यायचा, पंजा उघडा, आणि त्या हाताकडे बघून कुठली कपची हवी ते तिला कळायचं. तळवा त्यांचा असा होता की धुतला तरी जांभ्याचा तांबूस रंग रेघांमधून जायचा नाही. कपची ठेवली की पंजा मिटायचा, हात पुढे जायचा, डाव्या कोपऱ्यात हातोडीचे दोन ठोके. बाकीच्या गड्यांना त्यांच्या शेजारी बसून काम करता यायचं नाही, कोपराला कोपर लागायचं. “भागोजी, तुजा हात उलटा, तुजा गडगा पन उलटा,” असं ते चिडवायचे आणि बाबा म्हणायचे, “म्हनून तर पडत न्हाय.” हे सगळं तिला आठवायला हॉलमध्ये किती वेळ लागला असेल? मॅडमनी अठरावा फोटो लावेपर्यंतचा. पण त्याच्या आत त्या एक वाक्य बोलून गेल्या होत्या, आणि ते मागे राहिलं. “संपूर्ण तटात एवढा एकच भाग शाबूत आहे, त्यामुळे पुढच्या महिन्यात याच्या पायाच्या दगडांखालचा कोळसा आपण तपासायला पाठवू. त्यावरून अख्ख्या किल्ल्याचं वय ठरेल.”

मग तिचं नाव पुकारलं. मॅडमच्या नंतर तिचं भाषण होतं, ‘माझ्या गावचा किल्ला’. आता संस्कृती गोताड भाषण करणार म्हटल्यावर नववी ‘ब’ सावरून बसते, हे सगळ्या शाळेला माहीत होतं आणि तिला तर फारच माहीत होतं. रत्नागिरीत गंगामावशीकडे राहायला आली तेव्हा सहावीत ती वर्गात एकदा ‘व्हता’ म्हणाली होती आणि पुढे दोन महिने तिला सगळे ‘व्हता’ म्हणत होते. त्यानंतर दीड वर्ष ती फारसं बोललीच नाही. मग आठवीत बाई आल्या नाहीत म्हणून कुणीतरी तिला फळ्यापुढे ढकललं, आणि तिनं गावातल्या बैलाची गोष्ट सांगितली, ‘व्हता’सकट सांगितली, आणि वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर येऊन दारात उभे राहिले आणि तेही ऐकत राहिले. तेव्हापासून तिला कळलं होतं की आपण तोंड उघडलं की माणसं थांबतात. हे कळणं म्हणजे काय असतं ते कळलेल्यालाच ठाऊक. रस्त्यानं चालताना चाल बदलते. साळवी स्टॉपला रिक्षावाल्याशी सुटे पैशांवरून भांडतानासुद्धा आवाज कसा स्वच्छ लागतो. त्या दिवशी ती स्टेजवर चढली ती अशीच, सवयीनं, आणि कार्डं खाली ठेवून बोलायला लागली. वर यायची वाट एकच आणि तीही किती चिंचोळी. कातळ खोदून काढलेला खंदक. दाराशी मुद्दाम दिलेलं वळण, म्हणजे आत घुसणाऱ्याची उघडी, ढाल नसलेली उजवी बाजू तटावरच्यांकडे यावी. आणि तटाच्या आत नदीतल्या गोलगोल गोट्यांच्या राशी, गोफणीसाठी खालून वर वाहून आणलेल्या. हे सगळं पाठ होतं. शेवट मात्र कार्डावर नव्हता. “आणि त्यांच्यात एक डावखुरा होता,” ती म्हणाली. “शत्रू येणार म्हणून सगळे घाई करत असतील. तो घाई करत नव्हता. त्याचा दगड आज पण उभा आहे. त्याचं नाव कोणाला माहीत नाही.” मग ती थांबली, आणि हॉल उभा राहिला. मॅडमनी डोळे पुसले. ते तिचं आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण होतं, आणि ती स्टेजवरून उतरली तेव्हा चपला कुठे काढल्या ते तिला सापडेना.

गंगामावशी त्या रात्री म्हणाली, “काय गं, एवढ्या टाळ्या मिळवून आलीस आणि बांगडा तसाच ठेवलास?” संस्कृती म्हणाली, भूक नाही. मावशी म्हणाली, “कोणी काय बोललं काय? नाव सांग, उद्या जाते.” मावशीचं असंच. तिला सांगण्यासारखं काय होतं? बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. मार्गशीर्षात, चिरेखाणीवर, ट्रकात चिरे चढवताना ते म्हणाले, जरा बसतो. पाणी आणायला गेलेला माणूस येईपर्यंत बसलेलेच होते. संस्कृती रडली नव्हती असं नाही, रडली होती, पण तेव्हा घरात इतकी माणसं, इतकं कोण कुठे झोपणार आणि कोणासाठी किती भात, की रडणंसुद्धा रांगेत उभं राहून केल्यासारखं झालं. मग शाळा. मग स्पर्धा, ढाल, वर्तमानपत्रात फोटो. दर वेळी बक्षीस घेताना तिला वाटायचं की ही आपण त्यांच्यासाठी घेतोय, आणि दर वेळी थोड्या वेळानं लक्षात यायचं की आपण स्वतःसाठीच घेतलं, मजा आली. बाबा हळूहळू पातळ होत चालले होते. त्यांचा आवाज तिला आता मुद्दाम आठवावा लागायचा. आणि अचानक हे. भिंतीएवढ्या पडद्यावर बाबांचा हात, आणि पुण्याच्या एका बाईनं तो बरोबर ओळखलेला. सगळं बरोबर ओळखलेलं, एकच माणूस, डावखुरा, घाई न करणारा. फक्त तीन हजार वर्षांनी चुकलेलं.

तो तुकडा मॅडमना दाखवला होता तिनंच. दिवाळीच्या सुट्टीत त्यांची माणसं गावात आली तेव्हा सगळे म्हणाले, वर काही नाही, नुसते धोंडे. संस्कृती म्हणाली, मी नेते. करवंदीच्या जाळ्यांतून पुढे होऊन नेलं तिनं, आणि त्या तुकड्यापाशी मॅडम मटकन खालीच बसल्या. “हे असं कसं उभं राहिलं?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. तेव्हा तिला किती फुशारकी वाटली होती. लहानपणी एकदा करवंदांना गेली असताना बाबा तिथं भेटले होते, ते आता तिला आठवायला लागलं. त्या तुकड्यासमोर चवड्यावर बसलेले, विडी विझलेली. “हिकडं ये,” ते म्हणाले. “बग. कसा उभा हाय.” तिनं बघितलं. तिला करवंदं दिसत होती. “मस्त,” ती म्हणाली आणि पळाली. जुन्या लोकांचं कौतुक करतायत असं तिला वाटलं होतं. त्यांनी तिला हाक मारून आपलं काम दाखवलं होतं. आयुष्यात एकदाच दाखवलं होतं, आणि ती मस्त म्हणाली आणि पळाली.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी ती एसटी पकडून गावाला गेली. घरी आई नव्हती, काजूच्या फॅक्टरीत शनिवारी उशीर होतो. संस्कृती दप्तर ओटीवर टाकून सरळ विठूकाकाकडे गेली. विठूकाका म्हणजे बाबांचा कामाचा जोडीदार, बावीस वर्षं दोघांनी जोडीनं गडगे घातले, एक बाहेरून आणि एक आतून. कलमांना मोहोर आला होता आणि फवारणीचा तो वास गळ्यात बसत होता. काका बागेच्या कडेला पंपाची नळी धूत बसले होते. “काय गो बाय,” ते म्हणाले, “पेपरात आलीस आयकला. टीव्हीवर कंदी येनार ता सांग, म्हंजे मी दुसऱ्याच्या घरी जाऊन बगीन.” तिनं आडवळण घेतलं नाही. “काका, घेऱ्याचा तो उभा आहे तेवढा भाग बाबांनी घातलाय ना?”  मग काकांनी नळी पिळली, बाजूला ठेवली, हात लुंगीला पुसले. “तुला कोनी सांगितलान?” “कपच्यांनी,” ती म्हणाली. काका हसले, मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे निराळे झाले.

“आमी दोगांनी पयला ता मोडला व्हता, बाय,” काका म्हणाले. “तू व्हायच्या आदी. राजापुरच्या बागवाल्याची बाग व्हती खाली, त्याला गडगा हवा. दगड फोडायचा कशाला, वर रचलेला हायच की. टेंपो भरून भरून न्हेला. कोन इचारनार? गाव सगलाच न्हेत व्हता. मंग एक दिस भागोजीनं दगड काडलान आनि मागं ही रास. गोटे. नदीतले, गोल. तो हातात घेऊन बसला तो उठंच ना. मी बोललो, काय रे, सोना गावला काय? तो बोलला, विठू, ह्ये वर कसे आले? नदी खाली हाय. कोनी तरी पाठीवर आनले आसतील. पोरांनी, बायकांनी. येवडा चढून. आनि आपन त्यांचा घर मोडतो.”  बागेत कुठेतरी माकडांना हाकलायला डबा वाजत होता. “त्याच्या मंग त्यानं तितला दगड आनला न्हाय. मी आनला, खोटा कशाला बोलू. तो अमावास्येला वर जायचा.” अमावास्येला कुणी दगडाला हात लावत नाही, गवंड्यांचा, गडग्यावाल्यांचा त्या दिवशी खाडा, हे संस्कृतीला माहीत होतं. मजुरीचा दगड अमावास्येला बसवला तर तो राहत नाही म्हणतात. “मजुरी न्हाय ना ही, बोलायचा. खाली घरंगळलेले दगड एकेक करून वर न्हेलान. धा-बारा वर्सं. एका अमावास्येला एक, फार तर दोन.”

“आईला ठाऊक आहे?” काकांनी नाही म्हणून मान हलवली. “तुज्या आवशीला वाटायचा, गुत्त्यावर जातो. मी बोललो त्याला, सांग तरी. तर बोलला, वाटू दे. दारू पितो म्हनंल तर चार दिस बोलनार न्हाय. सड्यावर फुकट दगड रचतो म्हनलो तर जन्मभर बोलंल.” आणि काका आता खरंच हसले, आणि तीही हसली, आणि हसता हसता तिला श्वास घेता येईना. काकांनी तिला पाण्याचा तांब्या दिला. मग हळूच, इकडे तिकडे बघून, जसं काही फवारलेली झाडं ऐकत होती, ते म्हणाले, “त्या बाईला नको सांगूस. ऱ्हाऊ दे की त्याचा. गावात साधा घराला चिरा लावता आला न्हाय त्याला, मातीच्या भिंतीत जन्म ग्येला. आता तीन हजार वर्साचा झाला तुजा बापूस. कोन झालाय येवडा?”

ती वर गेली. उन्हं कलायला अजून अवकाश होता आणि सडा तापून पिवळाकरडा पडला होता, वाळलेलं गवत पायाखाली मोडत होतं. खंदकापाशी मॅडमच्या लोकांनी रोवलेल्या खुंट्या आणि पांढरी दोरी. दाराच्या वळणातून ती आत गेली. प्रत्येक वेळी त्या वळणात तिचा उजवा खांदा उघडा पडतो असं तिला वाटायचं, जणू अजून कोणी वर उभं आहे. मग तुकड्यासमोर बसली, बाबा बसले होते तसंच चवड्यावर. काका म्हणाले ते खोटं थोडंच होतं? ती काही न बोलली तरी काय होणार होतं? पुस्तकात छापून येईल, डावखुरा. मुलं वाचतील. मॅडम पुण्याला, दिल्लीला, कुठं कुठं तो फोटो दाखवतील आणि दर वेळी हॉल ‘ओऽऽ’ करेल. बाबांसाठी. चिरेखाणीवर बसल्या जागी संपलेल्या माणसासाठी कोण ‘ओऽऽ’ करतं? तिनं हात पुढे केला आणि एका दगडाखालची कपची चाचपली. घट्ट. आणि तिला इतकं बरं वाटलं, इतकं, की ती तिथंच गाल टेकून बसली. दगड उन्हानं गरम होता. माणसाच्या अंगाएवढा गरम.

किती वेळ बसली कोण जाणे. पण बसल्या बसल्या तिची नजर तुकडा संपतो तिथं गेली, जिथून खरा जुना तट सुरू होतो. तिथं पायाचा एकच थर जागेवर होता, बाकी सगळं उतारावर सांडलेलं. त्या थरात दगड मोठे, वेडेवाकडे. कपच्या थोड्याच, कुठे उजवीकडे, कुठे मधेच, एके ठिकाणी तर कपचीऐवजी नदीतला गोटाच कोंबलेला. वाईट काम. बाबांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, कोनी शिकवला ह्याला? घाईचं काम होतं ते. कोणाला तरी खूप भीती वाटत होती आणि हाताला येईल ते तो लावत होता. संस्कृतीनं भाषणात म्हटलं होतं की सगळे घाई करत असतील. तो इथं होता, घाई करणारा. खराखुरा. आणि बाबांनी घातलेल्या पायाखालच्या कोळशावरून किल्ल्याचं वय ठरलं, तर ते वय कशाचं असणार? त्यांच्या शेकोटीचं, चहा उकळला असेल त्याचं. मग ह्या घाबरलेल्या माणसाला कुठल्या तरी भलत्याच काळात नेऊन टाकतील, आणि त्याला काही बोलता येणार नाही. बाबांनी एकदा त्याचं घर मोडलं होतं आणि बारा वर्षं ते त्यासाठी वर येत राहिले. आता तिनं गप्प बसायचं म्हणजे तेच घर पुन्हा मोडायचं, आणि तेही बाबांच्या नावानं. तिला ह्या विचाराचा इतका राग आला की तिनं एक खडा उचलून लांब भिरकावला. तिच्यासारख्या बोलणाऱ्या मुलीला एकदा तरी गप्प बसून काहीतरी मिळत होतं.

तिथूनच फोन केला, रेंज सड्यावरच चांगली येते. मॅडमनी सगळं ऐकलं. मध्ये एकदाही ‘हं’ म्हणाल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “तुला खात्री आहे?” “मी कपच्या दिल्यात त्यांच्या हातात,” ती म्हणाली. मॅडमनी पुढचं विचारलं. “संस्कृती, त्यांनी पाया नव्यानं घेतला असेल ना? खालची पडझड काढून?” “असणार. बाबा पोकळ जागेवर दगड ठेवायचे नाहीत.” मॅडमनी श्वास सोडला तो तिला ऐकू आला. “म्हणजे काय झालं, मॅडम? खरं सांगा.” “दगड कसा पडला, कशावर पडला, त्याच्याखाली काय दबलं, तेच आम्ही वाचतो गं. पडलेला असण्यातच ते सगळं असतं. त्या जागेचं ते आता गेलं.” “बाबांनी खराब केलं.” “त्यांना माहीत नव्हतं.” “पण खराब केलं.” “हो,” मॅडम म्हणाल्या. तिला त्या क्षणी त्यांचा फार आधार वाटला, हो म्हणाल्या म्हणून, आणि फार तिरस्कारही. त्या पुढे म्हणाल्या की खाली अजून खोल एखादा थर हात न लागलेला असू शकेल. तो बघायचा तर वरचं काढावं लागेल. फोटो अहवालातून काढावा लागेल. “मग तिथं काय लिहाल?” “आधुनिक हस्तक्षेप,” मॅडम म्हणाल्या, “असंच लिहितात.” आणि मग अगदी वेगळ्या, इस्त्री मोडलेल्या आवाजात, “मला फार आवडला होता गं तो माणूस.”

आईला तिनं त्या रात्री सांगितलं. तुळसा गोताड ही बाई ऐकताना काम थांबवत नाही. ती तांदूळ निवडत राहिली. सूप संपलं तरी बोटं सुपात फिरत राहिली.  संस्कृतीनं विचारलं, “आई, येशील वर? काढायच्या दिवशी?” “फॅक्टरीला खाडा पडंल,” आई म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तुकडा काढला. मी काढते, असं संस्कृती म्हणाली तेव्हा मॅडमच्या हाताखालचे दोघे विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले, पण मॅडम म्हणाल्या, काढू दे. पद्धत ठरलेली होती. दगडावर खडूनं नंबर, फोटो, मग उचलायचा, मग कडेला ताडपत्रीवर ओळीनं ठेवायचा. सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात शेवटी लावलेला, पहिल्यांदा. तो त्यांनी कधी लावला असेल? जायच्या आधीच्या आश्विन-कार्तिकात कधीतरी. कपची निघेना. तिला वाटलं होतं आपण रडू, पण तिला घामच आला, आणि मग चीड, की एवढी घट्ट कशाला ठोकायची. हातोडीनं उजवीकडून टकटक केली तेव्हा सुटली. विठूकाका आले होते, ते लांब बसून राहिले, हात लावला नाही, नुसतं एकदा म्हणाले, “आडवा आला की सांभाळून. तो दोनी बाजूंना धरून ऱ्हायलाय.” एक दगड दुसऱ्याला किती ठिकाणी टेकलेला असतो ते काढतानाच कळतं. दहा वाजता कमरेइतका उतरला. बाराला गुडघ्याखाली. खालच्या दगडांना दगडफुलाची पांढरी नक्षी आली होती, हे सगळ्यात आधीचे, ती दोन-तीन वर्षांची असेल तेव्हाचे. तेव्हा ते सकाळी निघताना काय सांगून निघायचे? जाऊन येतो, एवढंच. तिनं कधी विचारलं होतं, कुठे? लहान मुलं तर सारखं विचारतात. तिला एकदासुद्धा विचारल्याचं आठवेना.

जेवायच्या सुमाराला आई आली. हंगामात फॅक्टरीला रविवार नसतो, कामावरची साडी तशीच, डोक्यावर टॉवेल. दाराच्या वळणातून न येता ती सरळ ढासळलेल्या तटावरून चढून आली, वाट वाकडी करायला तिला वेळ नसतो. मॅडम उठून काहीतरी बोलायला गेल्या. आईनं त्यांना नमस्कार केला आणि त्यांच्या पलीकडे बघितलं. एकच थर राहिला होता. “ह्योच?” तिनं विचारलं. “हेवढंच राहिलंय, आई. तू उशिरा आलीस.” आईनं ताडपत्रीवरच्या ओळी बघितल्या, एकापासून एकशे अडतीसपर्यंत. मग ती त्या उरलेल्या थरापाशी जमिनीवर बसली.  विद्यार्थ्यांपैकी एकानं पाण्याची बाटली पुढे केली ती तिला दिसली नाही. “अमावास्येला मी जेवायला वाडत नव्हते त्येंना,” आई म्हणाली. कोणाकडे बघून नाही, दगडाकडे बघून. “मी टोप झाकून ठेवायचे आनि पाट फिरवून निजायचे. बारा वर्सं. त्ये सोता वाडून घ्यायचे, थंड. कंदी बोलले न्हाईत.”

संस्कृतीला त्या वेळी काहीतरी बोलायचं होतं. हॉल उभा करणारी मुलगी ती, आईसमोर बसून तिनं शब्द शोधले, आणि जे जे सापडलं ते भाषणातलं होतं. म्हणून तिनं पुढचा दगड मोकळा केला. एकशे एकोणचाळीस. जड होता, पायाचा होता. ती उचलायला वाकली तर आई उठली, पदर खोचला, तिच्या हाताखालून तो घेतला आणि पोटाशी धरून उभी राहिली. तांबडी धूळ साडीला लागली. आईनं ताडपत्रीकडे बघितलं, उताराकडे बघितलं, तिथं सांडलेल्या हजारो दगडांकडे बघितलं.

“हा कुटं ठेवू?” तिनं विचारलं.

संस्कृतीनं ताडपत्रीकडे हात करून दाखवलं. “तिथं,” ती म्हणाली. “बाकीच्यांत.”